दृष्टी गेलेल्या वडिलांसाठी मराठीतून समुपदेशन

प्रश्न (खानापूर) : काचबिंदूमुळे वडिलांची दृष्टी जवळजवळ गेली असून अलीकडे त्यांना अंगणात फेटे बांधलेली माणसे दिसतात. शेजारी बाहेरची बाधा म्हणतात, आणि वडील वेड लागल्याच्या धास्तीने बोलेनासे झाले आहेत. मराठीतून समुपदेशन कुठे मिळेल?

उत्तर (बेळगाव) : हे ‘चार्ल्स बॉने सिंड्रोम’ असू शकते. डोळ्यांकडून येणारे संकेत कमी झाले की मेंदू स्वतःच चित्रे रचतो. स्विस निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अशाच अनुभवाची नोंद केली होती. हे वेड नव्हे, एवढे पटले तरी पुष्कळ धास्ती ओसरते. मात्र ती माणसे बोलतात किंवा खरीच आहेत असे त्यांना वाटत असेल, तर तपासणी लांबवू नये. (अंगारे-धुपारे कृपया नकोत.)

उत्तर (निपाणी) : टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीही निवडता येते. प्रत्यक्ष उपचारांसाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे.

उत्तर (चिकोडी) : ज्यांना ऐकू कमी येते त्यांना फोन अवघड जाऊ शकतो, त्यांच्यासाठी उजेडात, ओठ दिसतील असा समोर बसणारा समुपदेशकच शोधावा.