विषय: पुन: आईंसाठी स्कूटर, ऑरलँडो (गुरुवारी निघतोय, लवकर सांगा)

मंडळी,
गुरुवारी पहाटे गाडीने निघतोय. सासूबाई सोबत आहेत. दहा मिनिटं चाललं की त्यांचा उजवा गुडघा धरतो. चालवत नाही अशांना बसून फिरायला बॅटरीची स्कूटर असते ना, ती डिस्नेच्या पार्कात आधी राखून ठेवता येत नाही, सकाळी जो आधी पोचेल त्याची. बाहेरून भाड्याने घेतली तर आमच्या गाडीच्या डिकीत मावेल का? आणि मंडळाची घडीची व्हीलचेअर सध्या कोणाकडे आहे? कोजागिरीला दिसली होती.
मृणाल

---

मृणाल,
व्हीलचेअर माझ्या गॅरेजमध्ये आहे. डावीकडची पाय ठेवायची पट्टी पिकनिकपासून गायब आहे, हे मी या लिस्टवर दोनदा लिहिलं, कोणी उत्तर दिलं नाही. खुर्ची मंडळाच्या कार्यक्रमांसाठी घेतलेली आहे. मागे एकांनी चार दिवसांसाठी नेली ती सहा आठवड्यांनी परत आली, आणि संक्रांतीला दोन आजींना दारातून हाताला धरून आणावं लागलं. न्यायची तर न्या, पण रजिस्टरात नाव आणि तारीख लिहून.
अविनाशकाका

---

मृणाल, खुर्चीच्या मागे लागू नकोस, स्कूटरच घे, आणि बाहेरचीच. पार्कातली स्कूटर पार्काच्या बाहेर नेता येत नाही, आणि माणूस दमतो तो गाडीपासून फाटकापर्यंतच. मॅजिक किंगडम या त्यांच्या पार्कला तर गाडी तळ्याच्या अलीकडे लावायची, मग मोनोरेल नाहीतर बोट. आमचे बाबा तिकिटापर्यंत पोचले तेव्हाच घामाघूम झाले होते.
प्रवासी स्कूटरचे भाग सुटे होतात. सीट निघते, बॅटरी उचलून घेता येते, टोपली निघते, पुढचा आणि मागचा भाग वेगळा होतो. साध्या डिकीत बसते, फक्त मागचा भाग उचलायला दोघं लागतात. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर पार्कात जायला गाडी काढूच नका. त्यांच्या बसला उतार असतो आणि ड्रायव्हर स्कूटर पट्ट्यांनी बांधून देतो.
शिवाय व्हीलचेअर असली की रांगेत उभं राहावं लागत नाही. आम्हाला 2009 साली बाजूच्या दाराने सोडायचे.
शुभदा

---

शुभदाताई, रांगेचं तेवढं दुरुस्त करतो. आता बहुतेक राइडच्या रांगा चाकं जातील एवढ्या रुंद आहेत, त्यामुळे व्हीलचेअर आणि स्कूटरवाले सगळ्यांसोबत त्याच रांगेने जातात. रांगेत थांबणं ज्यांना जमतच नाही त्यांच्यासाठी डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस आहे, म्हणजे रांगेबाहेर थांबून दिलेल्या वेळी यायची सोय. 2024 पासून ती मुख्यतः ऑटिझमसारख्या अडचणी असणाऱ्यांपुरती आहे, आणि त्यासाठी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं.
आमचा धाकटा ऑटिस्टिक आहे. वीस मिनिटं रांगेत काढली की तो दोन्ही कानांवर हात दाबून खाली बसतो, मग त्याला उचलूनच बाहेर न्यावं लागतं. ‘गुडघ्याचं सांगून ती सोय मिळवा’ असा सल्ला कृपा करून कोणी कोणाला देऊ नका. मागच्या वर्षी आपल्याच माणसांकडून तो ऐकला आणि फार लागलं.
केदार

---

केदार, ते जुनं मनात राहिलं होतं. माफ कर.
शुभदा

---

सगळ्यांचे आभार. बाहेरचीच ठरवतोय. पण आईंनी हे सगळं वाचलं आणि ‘मला गाड्यावर बसवून मिरवणार का’ म्हणून सकाळपासून जेवल्या नाहीत. त्या साडीच नेसतात, आणि आयुष्यात सायकलही चालवलेली नाही.
मृणाल

---

मृणाल, आईंना आजच किराणा दुकानात घेऊन जा. दाराशी बॅटरीच्या गाड्या चार्ज होत उभ्या असतात, त्यातल्या एकीवर बसव. अंगठ्याने दांडी दाबली की चालते, सोडली की थांबते, बाकी काही नाही. भाड्याच्या स्कूटरवर वेगाची गोल चकती असते, एका टोकाला कासव, दुसऱ्या टोकाला ससा. आईंना सांग, कासवावरच ठेवायचं. माझी आई तेल-साखरेच्या दोन फेऱ्या मारून जी खूश झाली, ती मला गाडी चालवू देईना.
पदराचं मात्र मनावर घे. 2017 साली आईचा पदर मागच्या चाकात गेला, खांद्याची पिन तुटली आणि मानेवर करकोचा पडला. पदर पुढून घेऊन कमरेला घट्ट खोचायचा. नातवंडाला मांडीवर घ्यायचं नाही, स्कूटर एकाच माणसाची असते, तिथले लोक टोकतात.
‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या बोटीच्या राइडला व्हीलचेअरवर बसूनच बोटीत जाता येतं. प्राण्यांच्या सफारीला स्कूटर खाली ठेवून साध्या व्हीलचेअरवर बसावं लागतं. पीटर पॅनची राइड सोडा. तिथला चालता पट्टा थांबवत नाहीत, आईंना पाय उचलून चढावं लागेल.
शुभदा

---

सफारीसाठी साधी खुर्ची तिथे मिळते का, की आपली न्यायची?
केदार

---

तिथे मिळते.
शुभदा

---

पट्टी सापडली. नाटकाच्या सामानाच्या खोक्यात, मिशांच्या डब्याखाली होती. आता बसवून ठेवलीय. मृणाल, स्कूटर कुठे बंद पडली तर आईंना उन्हात उभं राहायला लागू नये, म्हणून खुर्चीही डिकीत टाक. उद्या चारनंतर ये. रजिस्टर दाराशीच ठेवतो.
अविनाशकाका

---

काका, येते. आई दुकानात तीन फेऱ्या मारून आल्या. आत्ता जेवतायत.
मृणाल