सल्ला हवा: गावात चौघं मिळून ग्लायडर क्लब काढतोय, पहिलं विमान कोणतं घ्यावं?

धुऱ्यावरचा_मास्तर
नमस्कार मंडळी. आम्ही दिग्रसकडच्या एका खेड्यातले चौघं. मी शाळेवर शिक्षक, एक कृषी केंद्रवाला, एक मोटार रिवाइंडिंगवाला आणि एक कॉलेजचा पोरगा. पोरगा एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता, हे वेड त्यानंच गावात आणलं. रेडिओ कंट्रोलचं ग्लायडर, म्हणजे रिमोटवर चालणारं, हवेत तरंगणारं छोटं विमान, रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून उडवायचं, एवढाच बेत आहे. अजून कोणीच उडवलेलं नाही.
बजेट 12,000, चौघांचे मिळून आणि रिमोटसकट. त्याच्या वर जाता येणार नाही, जूनच्या पेरणीला पैसा राखून ठेवायचा आहे. जागा म्हणजे हरभरा निघालेलं पाच एकर वावर, काळी जमीन. पश्चिमेच्या धुऱ्यावर डीपी आणि 11 केव्हीची लाइन, पूर्वेला नाला आणि बाभळी. कोणतं विमान घ्यावं, कोणता रिमोट, आणि उन्हाळ्यात उडवता येईल का?

नागपुरी_संत्रं
डोळे मिटून 2 मीटर पंखाचं इलेक्ट्रिक ग्लायडर घ्या, ईपीओ फोमचं. माझ्याकडं तीन वर्षांपासून आहे. नाकावर दुमडणारा पंखा असतो. मोटार 20-25 सेकंद लावायची, विमान वर गेलं की बंद करायची, पाती आपोआप मिटतात आणि मग नुसतं तरंगायचं. बॅटरी एकच, पण सकाळभर पुरते. तीन चॅनेलचंच घ्या, म्हणजे मोटार, शेपटीचं उभं पान आणि आडवं पान. पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले असतात, त्यामुळे रिमोटची काडी सोडली की विमान स्वतःच सरळ होतं. मला नुसतं विमान 21 हजारांत पडलं, रिमोट वेगळा. थोडं थांबा आणि 30 जमवा, पस्तावणार नाही.

पऱ्हाटी_पायलट
मास्तर, उन्हाळ्याचं मी सांगतो तुमाले. माह्यं बी 2 मीटरचंच होतं. मे महिन्यात वर्ध्याले लग्नाले गेलो, इमान गाडीत मागच्या काचेखाली ठेवलं. दोन तासांनं येऊन पाह्यतो तं डावा पंख पापडावानी वाकला होता. गरम पाणी टाकून, वजन ठेवून सरळ केला, पण टोकाचा पीळ काई निघाला नाई. तवापासून सोडलं का डावीकडेच पडते. उनात गाडीत ठेवू नोका, पांढऱ्या चादरीत गुंडाळा. आन् लिपो बॅटरी, म्हंजे मोटारीची लिथियमवाली, ते तं घरात थंड्या जागीच, माह्यी एक फुगून उशीवानी झाली होती.

तिफण
सगळे विमानाचं सांगतायत. मास्तर, आधी रिमोटचं ठरवा. विमान मोडतं, रिमोट टिकतो. माझं चौथं विमान चालू आहे, पण फ्लायस्कायचा एफएस-आय6 पहिल्या दिवसापासून तोच आहे. सहा चॅनेल, विमानात बसवायचा रिसीव्हर सोबत येतो, मला पाच हजारांच्या आसपास पडला होता. तुमच्या पाच एकरांना पुरून उरेल.
आणि केबल घेऊन कॉम्प्युटरला जोडा. पिकासिम नावाचं ग्लायडरचं सिम्युलेटर फुकट आहे. चौघांनी दहा-दहा तास त्यावर काढा. विमान आपल्याकडं तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, बहुतेक नवखे तिथंच पाडतात. जो पंख खाली झुकलाय त्याच्या बाजूला काडी न्यायची, की पंख वर येतो. हे हाताला कळावं लागतं, डोक्याला कळून उपयोग नाही.

नागपुरी_संत्रं
रिमोटमध्ये सुद्धा काटकसर करू नका. रेडिओमास्टरचा घ्या, एक्सप्रेस एलआरएसवाला. रेंज कुठल्या कुठं जाते. मी मागच्या डिसेंबरमध्ये पाचशे मीटर उंच नेलं होतं, पाखरू दिसेनासं झालं.

बिरसीच्या_पलीकडे
पाचशे मीटर हे सांगायची गोष्ट नाही, भाऊ. ड्रोन नियम 2021 प्रमाणे ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागात, जमिनीपासून 400 फूट, म्हणजे 120 मीटरच्या आतच राहायचं. विमान सतत डोळ्यांना दिसलं पाहिजे. मी गोंदियाकडचा. आमच्या बिरसी विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर घिरट्या घालतात, त्यामुळे हे मला कागदावरचं वाटत नाही. चालू विमानतळाच्या आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते, आणि पाच ते आठच्या पट्ट्यात जमिनीपासूनच परवानगी लागते. मास्तर, सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या नकाशावर आपलं वावर एकदा शोधून पाहा.

नागपुरी_संत्रं
ते ड्रोनसाठी आहे. ग्लायडरला मोटार बंद असते.

बिरसीच्या_पलीकडे
मोटारीचा संबंध नाही. माणूस आत न बसता, दुरून किंवा आपोआप चालणारं जे काही विमान आहे ते सगळं त्यात येतं. शिकण्यासाठी आणि हौसेसाठी वापरायच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे, 25 किलोपर्यंतची, त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या नमुन्याची सरकारी मान्यता, लागत नाही. पण उंचीची सूट कुणालाच नाही.

सातपुड्याचा_वारा
मोटार हवी कशाला? चिखलदऱ्याला या. वारा दरीतून वर चढतो, कड्यावरून नुसतं हातानं सोडायचं. मी एका संध्याकाळी पाऊण तास तरंगवलं, खाली उतरवलं ते बोटं आखडली म्हणून.

तिफण
तिथं मेळघाट व्याघ्र प्रकल्प लागून आहे. दरीत पडलेलं विमान आणायला कोण जाणार? वनखात्याला विचारल्याशिवाय नवख्याला असलं सुचवू नका. शिवाय दिग्रसहून चिखलदरा म्हणजे सगळा दिवस गेला.

पऱ्हाटी_पायलट
मास्तर, 2 मीटरचंच घ्या. फक्त गाडीत ठेवू नोका.

घारीच्या_मागे
विमान कोणतंही घ्या, पण मास्तरांनी जागा सांगितली त्यावर कोणीच बोललं नाही. मी अकोला जिल्ह्यात सात वर्षं काळ्या जमिनीवर उडवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.
तुमचं वावर सोनं आहे. काळी माती ऊन पिते. शेजारी ओलिताचा गहू किंवा ऊस असेल तर हिरवं थंड राहतं आणि काळं तापतं, दोन्हींच्या सीमेवरून हवेचा गोळा सुटतो. त्यालाच थर्मल म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, पण अंगाला कळतो. समजा समोरून वारा येतोय. अचानक तो पडतो, दोन-चार श्वास काहीच हलत नाही, आणि मग मानेवर मागून झुळूक लागते. ती झुळूक जिकडं चाललीय तिकडं हवा वर खेचली जातेय. विमान तिकडं न्या. एक पंख हलकेच उचलला गेला तर त्याच पंखाच्या बाजूला वळा. नवखा माणूस उलट करतो, पंख उचलला म्हणून दाबून सरळ करतो आणि त्या चढत्या हवेतून बाहेर पडतो. घारी पंख न हलवता गोल फिरताना दिसल्या तर डोकं लावू नका, त्यांच्याखाली जाऊन त्या फिरतात त्याच दिशेनं फिरा. घारीइतकं हे कोणाला कळत नाही.
आता धोका. थर्मल वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि विमान त्याच्यासोबत. वारा पश्चिमेचा असेल तर तुम्ही नाल्यावर, बाभळींवर जाल आणि परत येताना उलट वाऱ्यात उंची संपेल. म्हणून आधी वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहायचं. पण तुमच्या वरच्या अंगाला 11 केव्हीची लाइन आहे. म्हणजे उभं राहायचं वावराच्या मधोमध, लाइनकडं पाठ करून, आणि विमान पाठीमागं कधीच जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडं एकाचं ग्लायडर तारेवर अडकलं आणि तो बांबू घेऊन निघाला होता. आम्ही दोघांनी त्याला धरून बसवलं. लाइनमन येईपर्यंत तीन तास थांबलो. विमान गेलं तर जाऊ द्या.
शिकायचं सकाळी साडेसहा ते आठ. तेव्हा थर्मल नसतो आणि तेच हवं, हवा पाण्यासारखी सपाट असते. एप्रिल-मेच्या दुपारी वावटळ उठते, तिनं माझा एक पंख मुळातून मोडलाय.

धुऱ्यावरचा_मास्तर
घारीच्या_मागे, तुमचं लिहिलेलं शाळेच्या वहीत उतरवून घेतलं. मानेवरच्या झुळकेचं आज दुपारी वावरात उभं राहून पाहिलं. खरंच वारा पडतो.
हिशोब केला. रिमोट 5,000, मोटारीचं विमान बजेटच्या पार बाहेर. चार्जर आणि लिपो वेगळे. आमच्याकडं शाळेची खोली पत्र्याची आहे, तिथं लिपो ठेवायची हिंमत होत नाही. सनबोर्ड कापून घरीच करता येईल का?

तिफण
सनबोर्ड नको, पीव्हीसी असतो, दगडासारखा जड. विकतचंच घ्या, हप्त्यानं.

संक्रांत_14
घरीच केलं तरी संक्रांतीच्या आठवड्यात नागपूरच्या आसपास नेऊ नका. नायलॉन मांज्यावर हरित लवादानं 2017 सालीच बंदी घातली, तरी दरवर्षी झाडाझाडांवर लटकतो. माझ्या विमानाचा पंख मांज्यानं सुरीनं कापल्यासारखा कापला गेला. गळ्यावर येतो तो वेगळाच.

नागपुरी_संत्रं
मास्तरांचं गाव दिग्रसकडं आहे, मांजाचा काय संबंध?

संक्रांत_14
आता सगळीकडं आहे. मागच्या वर्षी यवतमाळातही पाहिला.

बाल्सा_काका
उशिरा वाचला धागा. आम्ही एनसीसीत बाल्सा लाकडाची विमानं करायचो, मोटारीचं नावही नव्हतं. मास्तर, तुमच्याकडं रिवाइंडिंगवाला मित्र आहे ना? मग अर्धं काम झालं. जुन्या शेगडीची कॉइल सरळ करून ताणून बांधायची, कमी व्होल्टेजवर तापवायची, थर्माकोल लोण्यासारखा कापला जातो. पंखाचा आकार प्लायच्या दोन फर्म्यांवरून काढायचा. कणा बांबूच्या कामटीचा. आपल्याकडं बुरड लोकांइतकी सरळ कामटी कोण काढतो? वरून रुंद चिकटपट्टी. फेव्हिक्विक थर्माकोलला लावायचं नाही, तो विरघळतो. फेव्हिकॉलच, आणि रात्रभर वजनाखाली.
वर कसं न्यायचं? रबरानं. पहार जमिनीत ठोकायची, तिला दहा-पंधरा मीटर लेटेक्सची नळी, पुढं चाळीस मीटर नायलॉनची दोरी, टोकाला कडी आणि लाल फडकं. कडी विमानाच्या पोटातल्या हुकला. स्प्रिंग काट्यानं ताण मोजायचा, विमानाच्या वजनाच्या तिप्पट झाला की सोडायचं. वर गेलं की ताण संपतो, फडकं हवेनं कडी काढून नेतं. सीजी, म्हणजे विमान बोटांवर तोलतं तो बिंदू, पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किंचित अलीकडं. हुक त्याच्या थोडा पुढं. मागं गेला तर विमान दोरीवरच गिरकी घेतं. दोरीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. पहार उपटली तर ती विमानाच्या आधी माणसापर्यंत येते. मी पाहिलंय. देवाची कृपा म्हणून कोणाला लागली नाही.

सातपुड्याचा_वारा
काका, त्यापेक्षा हातानं गोल फिरवून फेकायचं ग्लायडर चांगलं. पंखाचं टोक धरून थाळीफेकीसारखं. स्पर्धेत दीड मीटर पंखाची मर्यादा असते.

बाल्सा_काका
टोकाला कार्बन फायबर नसेल तर थर्माकोल हातात राहतो आणि विमान जागेवर.

नागपुरी_संत्रं
मास्तर, घरचं केलेलं पहिल्या दिवशी मोडेल आणि पोरांचा हिरमोड होईल. 2 मीटर इलेक्ट्रिक.

पऱ्हाटी_पायलट
हाव, 2 मीटर. आमी दोघंबी तेच सांगू रायलो.

धुऱ्यावरचा_मास्तर
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला. मोटार नाही, लिपो नाही. काकांनी सांगितलं तसं थर्माकोलचं करतोय, पंख दीड मीटरचा. बहुतेक जण विकतच्याच बाजूनं आहेत, मला कळतंय. पण आमच्या गावात 21 हजारांचं विमान मोडलं तर भाग यायला आठ-पंधरा दिवस, आणि तोवर चौघंही एकमेकांची तोंडं बघत बसणार. हे मोडलं तर रात्रीतून जोडता येतं. आणि खरं सांगायचं तर मोटारीचा आवाज नको आहे. घारीचा आवाज येत नाही, तसं उडालेलं पोरांनी पाहावं, एवढ्यासाठीच हे सुरू केलं.
रिमोट एफएस-आय6 मागवला. रिसीव्हरला चार रिचार्जेबल सेल, शेपटीची पानं हलवणारे सर्वो दोनच, नऊ-नऊ ग्रॅमचे. अजून अर्ध्याहून जास्त पैसे शिल्लक आहेत, त्यातून दुसरा पंख आधीच कापून ठेवणार.

घारीच्या_मागे
पोटाला धाग्याची चिकटपट्टी लावा. हरभऱ्यात ठीक आहे, पण शेजारच्या वावरात तुरीची धसकटं असली तर पोट फाडतात. आणि छोटे स्क्रू चादरीवरच काढा, काळ्या जमिनीच्या भेगेत गेलेला स्क्रू कधीच सापडत नाही.

धुऱ्यावरचा_मास्तर
दहा दिवसांनी लिहितोय. पंख झाला. रिवाइंडिंगवाल्यानं कॉइलला जुन्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर लावला, पहिला तुकडा वितळून गेला, दुसरा बरोबर निघाला. कामटी शेजारच्या गावातून आणली. सगळं मिळून वजन 460 ग्रॅम, नाकात ट्रॅक्टरचे दोन नट बसवावे लागले तेव्हा बोटांवर तोललं.
आज सकाळी सात वाजता हातानं सोडलं. पहिल्यांदा नाक वर करून थबकलं आणि बसलं. आडवं पान दोन मिलिमीटर खाली केलं. तिसऱ्यांदा सरळ गेलं, पोरगा पावलं मोजत मागं धावला, बत्तीस भरली. रबर सर्जिकलच्या दुकानात सांगून ठेवलंय.

बाल्सा_काका
हुक सीजीच्या पुढं किती ठेवला?

धुऱ्यावरचा_मास्तर
आठ मिलिमीटर.

बाल्सा_काका
पहिल्या दिवशी दहा ठेवा. रबराला टाल्कम पावडर लावून उन्हाबाहेर ठेवा, नाहीतर महिन्यात तडकेल.

नागपुरी_संत्रं
मास्तर, रबर आलं की कळवा. रविवार असेल तर मी माझं घेऊन येतो, दोन्ही सोबत उडवू.