तडे स्वतःच बुजवणारं बॅक्टेरियावालं काँक्रीट, कोकणात घराला चालेल का?

प्रश्न – खारा_वारा
नमस्कार मंडळी, रत्नागिरीजवळ घर बांधायला काढलंय, समुद्र अगदी जवळ आहे. आमच्याकडे पंधरा-वीस वर्षांत स्लॅबचे पोपडे पडून सळई दिसायला लागते हे सगळ्यांनाच माहितीये. परवा एका व्हिडिओत पाहिलं की नेदरलँड्समध्ये काँक्रीटमध्ये बॅक्टेरिया घालतात आणि तडा गेला की ते आपोआप बुजवतात. हे खरंच असतं का? आणि खरं असेल तर ते आत जिवंत कसे राहतात, सिमेंटने तर आपले हात पण भाजतात. स्लॅबमध्ये वापरावं का, कोणी जाणकार सांगेल का?

उत्तर – सूक्ष्मजीव_वाली
खरं आहे दादा, अगदी खरं. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातले हेंक योंकर्स यांचं हे काम, ते मूळचे मायक्रोबायॉलॉजीवाले. काँक्रीटचा पीएच 12-13 असतो त्यात साधे जंतू टिकत नाहीत, म्हणून खाऱ्या, सोड्याच्या तळ्यांत वाढणारे बॅसिलस जातीचे बॅक्टेरिया घेतात. आपल्या बुलढाण्याच्या लोणार सरोवराचं पाणी पण असंच अल्कधर्मी आहे आणि तिथेही असले जीव सापडतात, हे मला फार भारी वाटतं!

हे बॅक्टेरिया बीजाणू करून राहतात, म्हणजे खाणंपिणं बंद करून वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. पण बीजाणू नुसतेच मिक्समध्ये टाकले तर काही महिन्यांतच मरतात कारण सिमेंट मुरत जातं तशी आतली छिद्रं बारीक होतात आणि ते चिरडले जातात. म्हणून भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांत बीजाणू आणि त्यांचं खाद्य कॅल्शियम लॅक्टेट भरतात. तडा गेला की गोळी फुटते, पाणी आणि हवा आत जाते, बॅक्टेरिया जागे होऊन लॅक्टेट खातात आणि त्यातून चुनखडी तयार होते. वर त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळून अजून चुनखडी करतो, म्हणजे एकाच खाद्यातून दुप्पट नाही, कितीतरी पट काम होतं. आणि ते ऑक्सिजन पण खातात, सळई गंजायला तोच लागतो ना.

उत्तर – सळई_आणि_सिमेंट
वरच्या ताईंनी छान सांगितलंय, मी साइटवरचं सांगतो. आधी हे लक्षात घ्या की यात तडा बंद होतो, ताकद परत येत नाही. बीम-कॉलम लोडमुळे फाटला तर बॅक्टेरिया काही करू शकत नाहीत. 2011 च्या डेल्फ्टच्या प्रयोगात 100 दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यावर 0.46 मिमीपर्यंतचा तडा भरला, साध्या मॉर्टरमध्ये 0.18 मिमीपर्यंत. म्हणजे पाणी सतत लागतं आणि वेळही लागतो. मग हे कुठे शोभतं तर पाण्याच्या टाक्या, बोगदे, तळघर अशा ठिकाणी. गोळ्या जास्त घातल्या तर ताकद पण कमी होते आणि लॅक्टेट महाग आहे, त्यामुळे घराच्या स्लॅबला मी तरी सुचवणार नाही.

कोकणात खरा शत्रू मीठ आहे. दाट काँक्रीट आणि पुरेसं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, हीच तुमची ढाल. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान एम30 ग्रेड (ताकदीचा दर्जा), पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 च्या आत आणि 45 मिमी कव्हर सांगितलंय. आपल्याकडे काय होतं, स्लॅब ओतताना मिक्स घट्ट वाटलं की पाईप लावून पाणी सोडतात, आणि कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) न लावता सळई शटरिंगला टेकते, मग कितीही भारी सिमेंट आणा पोपडे पडणारच. ओतताना स्वतः उभे राहा, व्हायब्रेटर नीट फिरवून घ्या आणि क्युरिंगच्या बाबतीत कोणाचंही ऐकू नका, पाणी मारत राहा. वाळू पण नदीची किंवा क्रश सँड घ्या, खाडीची अजिबात नको.

प्रश्नकर्ता – खारा_वारा
मनापासून आभार दोघांचे. कव्हर ब्लॉक आजच मागवतो आणि ग्रेडचं इंजिनियरशी बोलतो. फक्त एक शंका, खाली जमिनीत पाण्याची टाकी करतोय ती काँक्रीटचीच आहे, तिच्यासाठी बॅक्टेरियावालं मटेरियल घ्यावं का?

उत्तर – सळई_आणि_सिमेंट
टाकीला तत्त्वतः योग्य आहे, पण पिण्याचं पाणी असेल तर विकणाऱ्याकडून ते पिण्याच्या पाण्याला चालतं असा टेस्ट रिपोर्ट लेखी मागा. तो मिळत नसेल तर घट्ट काँक्रीट, जोडांना वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) आणि आतून चांगलं कोटिंग करा. माती भरायच्या आधी टाकी भरून आठवडाभर ठेवा, जिथे ओल दिसेल तिथे तेव्हाच दुरुस्त करून टाका.