जुन्या ऑफिस डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड: ४ जीबीचं जीटी ७३० की २ जीबीचं १०३०?

निपाणी_डिप्लोमा: ऑफिसातून निघालेला चपटा डेस्कटॉप आहे. आय-५ ४५७० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम (एकच स्टिक), २५५ वॅटचा पॉवर सप्लाय, कार्डाला वेगळी वीज देणारी सहा पिनांची वायर नाही. ऑटोकॅड टूडी आणि जीटीए ५ चालवायचं आहे. बेळगावात वापरलेलं जीटी ७३० ४ जीबी ३,८०० ला सांगतात, १०३० २ जीबी ४,२०० ला, जीटीएक्स १६५० कार्ड ७,५०० ला. ४ जीबीचं जास्त चालेल ना दादा?

शहापूर_सर्किट: ७३० कशाला घेऊलालास? खोक्यावरचे जीबी बघू नको, मेमरी कुठली आहे ते बघ. ४ जीबीच्या ७३० वर साधारण डीडीआर३ असते, ६४ बिटची. वेग सेकंदाला १४.४ जीबी. तुझ्याच बोर्डावर डीडीआर३-१६०० ची दुसरी स्टिक लावलीस तर रॅमचा वेग १२.८ वरून २५.६ होतो, म्हणजे कार्डापेक्षा साधी रॅम वेगवान! चार जीबी भरेपर्यंत गेम कधीच अडखळलेला असतो.

१०३० मध्येही गोम आहे. २०१७ चं मूळ कार्ड जीडीडीआर५ चं, ४८ जीबी वेगाचं. २०१८ मध्ये त्याच नावानं डीडीआर४ चं काढलं, ते १६.८ चं. नाव तेच, काम निम्म्याच्या आसपास. दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड आणि मेमरी टाइप, बँडविड्थ (म्हणजे हाच वेग) या दोन ओळी वाच. १६५० चा वेग १२८, त्यामुळे पैशाच्या मानानं तेच सगळ्यात स्वस्त. बसलं तर.

ऑटोकॅड टूडीला कार्ड लागतच नाही. त्याला रॅम आणि एसएसडी दे.

खानापूर_रोड: "बसलं तर" हाच खरा प्रश्न. १६५० बोर्डावरच्या स्लॉटमधून ७५ वॅट ओढतं, आणि बऱ्याच मॉडेलांना वर सहा पिनांची वायरही लागते, ती तुझ्याकडे नाही. बिनवायरचं, बुटकं मिळालं तरी ते बहुतेक दोन स्लॉट जाड असतं. चपट्या डब्यात कंपनी स्लॉटला ७५ पेक्षा कमी वॅटही ठरवून देते, मॅन्युअलमध्ये बघ. १०३० ला ३० वॅट पुरतात. चपट्या डब्यात कार्ड मागून स्क्रूनं बसवायची बुटकी पट्टी सोबत मागून घे. वापरलेल्या कार्डाबरोबर ती हटकून हरवलेली असते.

कुणी आरएक्स ६४०० कार्ड सुचवेल. ५३ वॅट, एका स्लॉटचं मिळतं, दिसायला झकास. पण त्याला डेटा ये-जा करायच्या चारच लेन आहेत. तुझा बोर्ड एच८१ चिपसेटचा असेल तर पीसीआय एक्सप्रेस २.० वर त्या चार लेनमधून सेकंदाला जेमतेम २ जीबी जातं. कार्डाची ४ जीबी भरली की गेम झटके देणार. शिवाय व्हिडिओ एन्कोडर नाही, रेकॉर्डिंग प्रोसेसरवर पडतं.

मॉनिटर व्हीजीएचा आहे का? १०३० चं डीव्हीआय फक्त डिजिटल असतं. चपट्या पात्याभोवतीची चार भोकं त्यात नसतात, म्हणून डीव्हीआय ते व्हीजीएचा दीडशेचा साधा जोड आत जाणारच नाही. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घे.

टिळकवाडी_बेंच: एक भर. १०५० टीआय म्हणून कुणी व्हीजीए पोर्टवालं कार्ड दाखवलं तर ते बहुधा जुन्या चिपवर बायॉस बदलून केलेलं. खऱ्या १०५० टीआयच्या पास्कल चिपमध्ये व्हीजीएला लागणारं ॲनालॉग आउटपुटच नाही. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावापुढे फेक लिहितं. फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देऊन तपासणारं सॉफ्टवेअर) वीस मिनिटं चालव, पडद्यावर ठिपके-पट्टे दिसले की उठून ये. बिलावर सिरीयल नंबर हवा, कोल्हापूरहून आणलंस तरी.

ड्रायव्हरही बघ: केप्लर पिढीच्या चिपवरच्या ७३० चा ४७० मालिकेवर थांबला, १०३० चे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला संपले. १६५० ला अजून येतात.

निपाणी_डिप्लोमा: झाकण काढून बघितलं. मोठ्या स्लॉटला लागूनच पॉवर सप्लाय, मधे बोटभरही जागा नाही. मॉनिटर व्हीजीए.

खानापूर_रोड: मग १६५० बाद. एका स्लॉटचं १०३० बघ, जीडीडीआर५ दिसलं तरच ४,२०० मोज. डीडीआर४ निघालं तर डीडीआर३ रॅमची ८ जीबीची स्टिक घेऊन घरी ये.