एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना): डिफॉल्टच राहू देऊ का एलसी-५० घेऊ? वय ४१, इंदूर

सुदामानगरवाला
नमस्कार मंडळी. इंदूरला केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, २०१० ची भरती, म्हणजे जुनी पेन्शन नाहीच, एनपीएस सक्तीचं. यूपीएस, म्हणजे नवी एकीकृत पेन्शन योजना, घेतली नाही. बेसिक-डीए मिळून ७० हजार, त्यातले माझे ७ हजार कटतात आणि सरकारचे १४ टक्के, म्हणजे ९८०० पडतात. इतकी वर्षं कधी उघडून पाहिलं नाही, पण काल लंचमध्ये शेजारच्या टेबलवरच्या भियानं मोबाइलवर स्टेटमेंट दाखवलं, तो एलसी-५० वर (वयानुसार शेअरचा हिस्सा आपोआप ठरणारा पर्याय) आहे आणि त्याची वाढ माझ्यापेक्षा बरीच जास्त, रात्री झोपच नाही आली. मी डिफॉल्टमध्ये, म्हणजे काहीच न निवडल्यास आपोआप मिळणाऱ्या पर्यायात. बायको म्हणते बाजार नको, सगळं सरकारी रोख्यांत टाका. कोणाचं ऐकू?

लोकमान्यनगरची ताई
दादा, एलसी-५० नाव ऐकून अर्धा पैसा शेअरमध्ये जाईल असं वाटतं, पण तुमच्या वयाला तसं नाहीये. ५० टक्के फक्त ३५ व्या वर्षापर्यंत, मग दरवर्षी २ टक्के आपोआप कमी होत ५५ ला १० वर येतं. म्हणजे ४१ ला ३८ टक्के. तुमचे महिन्याचे १६,८०० जातात त्यातले ६,३८४ शेअरमध्ये, बाकी कॉर्पोरेट आणि सरकारी रोख्यांत. एलसी-२५ घेतलं तर १९ टक्के, ३,१९२ रुपये. डिफॉल्टमध्ये एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय या तिघांकडे पैसा वाटला जातो आणि शेअरचा हिस्सा वर्षानुवर्षं १५ टक्क्यांच्या आतच राहिला, म्हणून बाजार चढला की तुमचं मागे दिसणारच. त्या भियाचं वय विचारलंत का? तो ३३ चा असेल तर त्याचं स्टेटमेंट तुमच्याशी जुळवूच नका.

निवृत्त_काका
वहिनींना एक सांगा, सरकारी रोखे म्हणजे एफडी नव्हे. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा मी घाबरून पुढची सगळी वर्गणी रोख्यांत वळवली, वाटलं आता आकडा खाली येणारच नाही. मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो (बँकांना कर्ज देण्याचा दर) ४ टक्क्यांवरून वर्षाच्या आत ६.५ वर नेला, व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचा भाव पडतो, आणि माझी एनएव्ही (युनिटचा भाव) तिथंही घसरली. पैसा बुडाला नाही, पण स्वस्तात युनिट मिळत होते ती वेळ मी घालवली, त्याचं अजून वाईट वाटतं. आणि हो, ६० ला जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांची, पेन्शन देणारी अ‍ॅन्युइटी घ्यावीच लागते, त्यामुळे शेवटच्या पाच वर्षांत जास्त शेअर नकोच. तुमच्याकडे १९ वर्षं आहेत बेटा, मी असतो तर एलसी-५० घेतलं असतं.

लोकमान्यनगरची ताई
काकांशी सहमत. फक्त ओके दाबण्याआधी एक विचारून घ्या, बदल जुन्या जमा रकमेलाही लागतो का फक्त नव्या वर्गणीला. २०१९ च्या अधिसूचनेत तूर्त नव्या वर्गणीपुरतीच मुभा होती.

सुदामानगरवाला
भियाचं वय आत्ताच विचारलं, ३४. रात्री बायकोला घेऊन बसतो, सोमवारी डीडीओकडे (ऑफिसात पगार काढणारे अधिकारी) जुन्या रकमेचं विचारतो आणि इथे लिहितो. काका, ताई, खूप आभार.