अमेरिकेत घेतलेल्या गाडीची वॉरंटी कॅनडात नाकारली जात आहे. काय करता येईल?

प्रश्न: नदीकाठ (विंडसर, ओंटारिओ)

नमस्कार. २०२२ साली मिशिगनमध्ये नोकरीला असताना मी नवी गाडी घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्सवर पाच वर्षे किंवा ६०,००० मैल अशी वॉरंटी आहे आणि गाडी आजवर २८,००० मैलच चालली आहे. कॅनडाचे कायमस्वरूपी वास्तव्य मिळाल्यावर ती रीतसर आयात केली. रिकॉल (दोष आढळल्याने कंपनीने गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती) शिल्लक नसल्याचे कंपनीचे पत्र दिले, कारखान्यातून इमोबिलायझर (चोराला इंजिन सुरू करू न देणारे उपकरण) आलेला नसल्यामुळे तो बाहेरून बसवून घेतला, तपासणी करून घेतली आणि ओंटारिओची नंबरप्लेट लावली.

आता थंडीत गाडी सुरू केल्यावर दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना जोराचा झटका बसतो. येथील डीलरने दोष मान्य केला, पण गाडी अमेरिकेत विकलेली असल्यामुळे दुरुस्तीचा सगळा खर्च मलाच करावा लागेल असे सांगितले. कंपनी तीच, कारखाना तोच, आणि डेट्रॉइट तर नदीच्या पलीकडे दिसते. मग वॉरंटी पुलावरच कशी संपते? माझ्याकडे भारतीय पासपोर्ट असून अमेरिकेचा व्हिसा आता संपला आहे, त्यामुळे गाडी घेऊन पलीकडे जाणेही सोपे राहिलेले नाही.

उत्तर: सह्यकडा

आपला संताप समजण्यासारखा आहे, पण डीलरशी वाद घालण्यापूर्वी वॉरंटी नेमकी कोणी दिली आहे ते पाहावे. नाव एकच दिसले तरी अमेरिकेत विकलेल्या गाडीची वॉरंटी बहुधा कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने दिलेली असते, आणि कॅनडातील शाखा ही कायद्याने वेगळी संस्था असते. डीलर दुरुस्ती करून त्याचे पैसे शाखेकडून वसूल करतो; शाखा पैसे देणार नसेल तर तो काम हाती घेत नाही.

वॉरंटीच्या पुस्तिकेत ती कोठे लागू आहे हे सांगणारे एक कलम असते. बऱ्याच कंपन्या प्रवासात असलेल्या पाहुण्या गाडीची दुरुस्ती सीमेपलीकडेही करून देतात. मात्र गाडी दुसऱ्या देशात कायमची नोंदवली की तीच कंपनी हात आखडता घेते. यामागे बाजारभावाचे कारणही आहे. सप्टेंबर २००७ मध्ये कॅनडाचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला आला, तेव्हा तीच गाडी दक्षिणेकडे पुष्कळ स्वस्त पडू लागली आणि लोक सीमा ओलांडून खरेदी करू लागले. ही वाट रोखण्यासाठी काही कंपन्यांनी वॉरंटीच्या अटींचाच उपयोग केला. आपण स्थलांतर करताना स्वतःची वापरातली गाडी आणली आहे, व्यापारासाठी नव्हे. हा फरक पत्रात अवश्य मांडावा.

सर्वांत आधी नकार लेखी मागावा आणि त्यात पुस्तिकेतील कोणत्या कलमाच्या आधारे नकार दिला हे लिहून घ्यावे. तोंडी नकाराचा पुढे काहीही उपयोग होत नाही. त्यानंतर अमेरिकेतील शाखेच्या ग्राहक विभागाला खरेदीची पावती, आयातीची कागदपत्रे आणि तेलबदलाच्या सर्व पावत्या जोडून पत्र लिहावे. स्थलांतरित ग्राहकासाठी शाखा एखाद्या दुरुस्तीचा खर्च स्वतःहून उचलते, असे मी एकाहून अधिक परिचितांच्या बाबतीत पाहिले आहे.

उत्तर: मळवट

एक धोका आताच लक्षात घ्यावा. बाहेरून बसवलेल्या इमोबिलायझरकडे बोट दाखवून दोष त्याचाच आहे असे सांगितले जाऊ शकते. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, दुसऱ्या कंपनीचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कंपनीला सरसकट वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळे बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. मात्र हा कायदा कंपनीला परदेशात दुरुस्ती करून देण्याची सक्ती करत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर कॅनडातील डीलरशी भांडू नये. इमोबिलायझर बसवणाऱ्याची पावती आणि त्या दिवशीचे मीटरवरील आकडे जपून ठेवावेत. मीटर मैलांवरून किलोमीटरवर बदलले असेल तर दोन्ही आकडे पत्रात स्पष्ट लिहावेत, कारण २८,००० मैल म्हणजे सुमारे ४५,००० किलोमीटर, आणि मैलांच्या जागी किलोमीटरचा आकडा नोंदला गेला तर मर्यादा जवळ आल्याचा गैरसमज होतो.

उत्तर: सह्यकडा

डेट्रॉइटच्या बाजूस दुरुस्ती मान्य झाली, तर व्हिसाची अडचण असली तरी मार्ग आहे. कॅनडाचे नागरिकत्व असलेला एखादा विश्वासू मित्र आपल्या लेखी संमतीपत्रासह गाडी घेऊन जाऊ शकतो. विमा त्याला लागू आहे का, एवढे आधी पाहावे. मित्राने तिकडच्या डीलरची बदली गाडी घेऊन मात्र परत येऊ नये. कॅनडाच्या रहिवाशाला अमेरिकेची नंबरप्लेट असलेली गाडी सहजासहजी आत आणता येत नाही, आणि या चुकीमुळे सीमेवर गाडी अडकू शकते. परतताना दुरुस्ती झाल्याचे सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सांगावे आणि वॉरंटीखाली काम झाल्याचा कागद दाखवावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: नदीकाठ

आपणा दोघांचे मनापासून आभार. पुस्तिका पुन्हा वाचली. वॉरंटी अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांत लागू असल्याचे त्यात लिहिले आहे, पण पुढच्याच वाक्यात गाडी अमेरिकेत नोंदवलेली आणि नेहमी तेथेच चालवली जात असली पाहिजे अशी अट आहे. डीलरने आज ईमेलवर लेखी नकार दिला आणि त्यात याच अटीचा उल्लेख केला. अमेरिकेतील शाखेला पत्र पाठवले असून आयातीची सर्व कागदपत्रे आणि सर्व्हिसच्या सात पावत्या जोडल्या आहेत. मित्र पुढच्या महिन्यात गाडी घेऊन जायला तयार आहे. तोपर्यंत गाडी चालवत राहावी का, की दोष वाढल्याचा ठपका येऊ नये म्हणून ती उभीच ठेवावी?

उत्तर: मळवट

उभी ठेवा. दोष कळल्यानंतरही गाडी चालवली म्हणून नुकसान वाढले, असे म्हणण्याची संधी कंपनीला देऊ नका. झटका बसतानाचा व्हिडिओ एकदाच, तारीख आणि मीटर दिसेल अशा रीतीने काढून पत्रासोबत पाठवा. शक्य असल्यास गाडी डेट्रॉइटला टो करून न्या आणि टोची पावती जपून ठेवा. दावा मंजूर झाला तर तो खर्चही मागून पाहता येईल.