आई-बाबांसकट पाच जणांसाठी कॅम्पर व्हॅन घ्यायचीये, नाशिकमध्ये काय बघून घेऊ?

पाथर्डीफाटा_८२

नमस्कार मंडळी, बरेच महिने डोक्यात होतं, आत झोपायची आणि टॉयलेटची सोय असलेली गाडी यंदा घ्यायचीच ठरवलंय. आम्ही पाच जण, मी, बायको, आठवीतली मुलगी आणि आई-बाबा. आईचे गुडघे गेलेत, बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, त्यामुळे लॉज शोधत फिरणं आता खरंच होत नाही, दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली की आई पूर्ण ट्रिप तोंड बारीक करून बसते. दिवाळी आणि मे महिना असे दोन मोठे प्रवास होतात, दोघांना एकदा नर्मदेकाठी फिरवून आणायचंय, बाकी शनिवार-रविवार भंडारदरा, सापुतारा, वणी असं जवळपास.

बजेट सगळं मिळून २५ लाख, फार ताणलं तर २७. समोर तीन पर्याय आहेत. एक सेकंडहँड १७ सीटर फोर्स ट्रॅव्हलर (मिनीबस) घ्यायची, अंबडमधला एक फॅब्रिकेटर आतलं सगळं करून देतो म्हणतोय, स्वस्तात, कागदांचं विचारलं तर "ते बघून घेऊ" म्हणाला. दुसरा, नवीन ट्रॅव्हलर आणि कॅरावॅन बनवणाऱ्या रीतसर बिल्डरकडून काम. तिसरा अर्बेनिया, फोर्सचीच नवी मोठी व्हॅन, ती आम्हा सगळ्यांनाच आवडलीये. घरच्यांचं म्हणणं एसी पाहिजेच. ज्यांनी घेतलीये त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

सातपूर_गॅरेज

दादा, "बघून घेऊ" म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका, बाकी सगळं नंतर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरची माहिती वेगळी पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलंय. सीटा काढून बेड, टाकी, गॅस बसवला म्हणजे तुमची १७ सीटर आता १७ सीटर राहिली नाही, पण आरसीवर मात्र तेच. पासिंगला अडकेल ते एक, पण खरी भीती इन्शुरन्सची आहे, उद्या कसारा घाटात काही झालं आणि सर्व्हेअरने आत डोकावून पाहिलं की क्लेम नाकारायला त्याला आयतं कारण मिळालं. आई-बाबा गाडीत असताना हा धोका का घ्यायचा?

मोटर कॅरावॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, पुण्याची एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था त्याप्रमाणे तपासून मंजुरी देते. बिल्डरकडे पहिल्याच भेटीत सोफ्याचा रंग बघू नका, त्याचं मंजुरीचं सर्टिफिकेट मागा, आणि त्याने आधी बनवून दिलेल्या एखाद्या गाडीच्या आरसीवर बॉडी टाइप काय लिहिलाय ते बघा. तिथे मोटर कॅरावॅन किंवा कॅम्पर व्हॅन असेल आणि नंबर प्लेट पांढरी असेल तर माणूस कामाचा. आणि सेकंडहँड टुरिस्ट गाडी पिवळ्या प्लेटची असते, परमिट सरेंडर करा, टॅक्सचा फरक भरा, पेठ रोडच्या आरटीओला खेटे घाला, त्यात जे वाचवलं ते सगळं जातं.

लायसनची काळजी नको, एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर साधं एलएमव्ही, म्हणजे कारचंच लायसन चालतं.

आता वजन. हे कोणी विचारत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर प्लायवूडचं फर्निचर, बॅटरी, एसी, जनरेटर, पाच माणसं, त्यांच्या बॅगा. लोक घरच्या किचनसारखं १८ एमएमचं प्लाय लावून घेतात आणि मग गाडी घाटात चढताना धापा टाकते, उतरताना ब्रेक तापतात. बिल्डरला लेखी विचारा की टाक्या भरून तयार गाडीचं वजन किती आणि आरसीवरच्या जीव्हीडब्ल्यूपर्यंत, म्हणजे भरलेल्या गाडीच्या मंजूर कमाल वजनापर्यंत, किती जागा उरते, आणि डिलिव्हरीच्या दिवशी वाटेतल्या कुठल्याही वजनकाट्यावर चढवून स्लिप घ्या.

अर्बेनिया छान आहे, चालवायला कारसारखी, पण तुमचं बजेट रिकाम्या गाडीतच संपून जाईल. म्हणून मी नवीन ट्रॅव्हलरच म्हणेन. २.६ लिटरचं इंजिन, ११५ एचपी, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी तिचं काम येणारा माणूस भेटतो, दूरच्या प्रवासात याची किंमत कळते.

गंगापूररोड_ताई

दादांनी कागदांचं अगदी बरोबर सांगितलंय, मी घरातल्या मोठ्या माणसांचं सांगते कारण आमच्याकडे सासूबाई बरोबर असतात. आईंना घेऊन जा बघायला, फोटोवर ठरवू नका. पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे ते बघा, बाहेर सरकणारी इलेक्ट्रिक पायरी आणि दाराच्या दोन्ही बाजूंना पकडायला दांडे पाहिजेतच. त्यांचा बेड खालचा आणि कायमचा हवा, रोज रात्री टेबल मोडून बेड करायचा प्रकार दोन दिवस बरा वाटतो. बेडपासून टॉयलेटपर्यंत बाबांना अंधारात कोणाला न ओलांडता जाता आलं पाहिजे, वाटेत पायाशी छोटी लाइट. टॉयलेटमध्ये दार लावून बसून, उठून बघा, खरंच बसून. गुडघेवाल्या माणसाला उठताना समोर हात टेकायला जागा लागते.

कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालचा मैल्याचा डबा बाहेर काढून रिकामा करायचा प्रकार, घेतलंत तर तो डबा साधारण २० लिटरचा असतो, पाच जणांत तो एका दिवसात भरतो, आणि आपल्याकडे रिकामा करायला परदेशासारखे पॉइंट नाहीत. आम्ही मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करून विचारतो की टॉयलेटमध्ये ओतू देणार का. नदीकाठी, धरणाकाठी कुठेही ओतायचं नाही, एवढी विनंती.

आणि पाचही जणांना बेल्टवाली सीट हवी. चालत्या गाडीत बेडवर कोणी झोपायचं नाही, मुलगी तर अजिबात नाही.

पाथर्डीफाटा_८२

दोघांचे मनापासून आभार, अंबडवाल्याला आजच नाही सांगितलं. अर्बेनियाचा विचारही सोडला, मुलगी जरा रुसलीये. आता एसीचं सांगा, एक जण म्हणाला सोलर लावा, रात्रभर फुकट एसी चालेल. हे खरं आहे का?

सिन्नर_सोलर

नाही हो, साधा हिशोब करा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी ७०० वॅट धरला तर आठ तासांत साडेपाच युनिट. १२ व्होल्टची २०० एएच लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. छतावर एसीची जागा सोडून ४०० वॅटचं सोलर बसतं, ते आपल्याकडच्या कडक उन्हात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देईल, पावसाळ्यात त्याच्या निम्मंही नाही. म्हणजे दोन दिवसांचं ऊन एका रात्रीलाही पुरत नाही. रात्रभर एसी हवा तर मुक्कामाला १५ अँपिअरचा प्लग मिळाला पाहिजे किंवा जनरेटर, आणि जनरेटर रात्री लावला की शेजारी मुक्कामाला असलेले झोपू शकत नाहीत.

माझा सल्ला, एसी लावा पण प्लगवर चालेल असं धरून. बाकीसाठी २०० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छताला एक्झॉस्ट फॅन, सगळ्या खिडक्यांना जाळी. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास खातो, तो, पंखे, लाइट, मोबाइल सगळं आरामात निघतं. चालत्या गाडीवर चार्ज करायला डीसी-डीसी चार्जर मागा, तो करंट आवाक्यात ठेवतो; अल्टरनेटरला (इंजिनवर वीज बनवणाऱ्या यंत्राला) बॅटरी थेट जोडून देणारे भरपूर आहेत, लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर जळू शकतो.

गॅस ठेवणार असाल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर, वेगळ्या बंद कप्प्यात, आणि कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावा.

गंगापूररोड_ताई

अजून एक, घ्यायच्या आधी अशीच गाडी दोन रात्री भाड्याने घेऊन आई-बाबांना भंडारदऱ्याला न्या. भाडं वाया जात नाही, आईंना काय जमतंय ते तुम्हाला एका रात्रीत कळेल आणि बिल्डरला नेमकं सांगता येईल.

पाथर्डीफाटा_८२

हे एकदम पटलं, भाड्याची गाडी शोधतो. नवीन ट्रॅव्हलर नक्की, आता फक्त व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३३५० एमएम की ४०२०? ४०२० मध्ये मागे कायमचा बेड नीट बसतो.

सातपूर_गॅरेज

पाच जणांना ४०२० च सोयीची, पण आधी राहत्या ठिकाणी पार्किंग मोजा, रुंदी नाही, लांबी आणि उंची. एसी आणि सोलर धरून छताची उंची बेसमेंटच्या तुळईखालून जात नाही, उघड्यावरच लावावी लागेल. आणि टेस्ट ड्राइव्ह हायवेवर नका घेऊ, नांदुरीवरून सप्तशृंगी गडाचा घाट चढवून उतरवून बघा, वळणावर मागची बाजू किती बाहेर जाते ते तिथेच समजेल. बिल्डरचं कोटेशन आलं की इथे टाका, वजनाचा आकडा बघून सांगतो.